कलपट्टी

सह्यगती कंपनीच्या नव्या रोपवेची ब्रेक-तपासणीची बैठक चहा यायच्या आत संपली. सगळे खूश झाले आणि तृप्ती शेडबाळे मात्र धास्तावली.

आता बैठक लवकर आटोपली म्हणून कुणी धास्तावतं का, असं तुम्ही म्हणाल. पण त्यासाठी कुपवाडच्या त्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली असावी लागतात. सह्यगतीत रोपवे बनतात, म्हणजे डोंगरावरून माणसं नेणारे पाळणे, ते ओढणारी चाकं आणि ते थांबवणारे ब्रेक. कंपनी काढली आप्पा उपाध्यांनी. आप्पा म्हणजे खमक्या माणूस. त्यांनी पहिल्यापासून एक रिवाज घातला होता. कुठलंही डिझाइन कारखान्यात उतरायच्या आधी एकाने बैठकीत 'आडवं' बसायचं. आडवं बसणाऱ्याने फक्त मोडता घालायचा. हे असंच का, हे तुटलं तर काय, ते गंजलं तर काय, चालवणाऱ्याला डुलकी लागली तर काय. त्याचं समाधान होईपर्यंत कुणी उठायचं नाही आणि जो हरेल त्याने सगळ्यांना भडंग खिलवायचं. दोन चहा, एक जेवण आणि पुन्हा चहा इतकी एकेक बैठक चालायची. माणसं एकमेकांशी अबोला धरून घरी जायची. पण सह्यगतीचा पाळणा कधी दरीत अडकला नाही, हेही तितकंच खरं.

आडवं बसण्यात धनंजय वाळवेकरचा हात धरणारं कुणी नव्हतं. तृप्ती डिझाइन विभागाची प्रमुख. तिला अख्खा रोपवे एकदम डोळ्यांपुढे दिसायचा, दोर, खांब, वारा, माणसं, सगळं. वाळवेकरला एका वेळी एक नट दिसायचा, आणि त्या नटाचा छडा लागल्याशिवाय तो पुढच्या नटाकडे जायचा नाही. "अहो वाळवेकर, इथे डोंगर उतरायचाय आणि तुम्ही वॉशर मोजताय," असं ती करवादायची. "डोंगर कुठं पळून चाललाय काय ओ बाई," असं तो थंडपणे म्हणायचा. दोघांचा छत्तीसचा आकडा साऱ्या कुपवाडला ठाऊक होता.

मग आप्पा गेले आणि कंपनी त्यांच्या मुलीकडे, ऋचाकडे आली. ऋचा हुशार पोरगी. कॉलेजात असताना सुट्टीत तृप्तीच्याच हाताखाली शिकलेली, अजूनही तिला 'तृप्तीताई' म्हणणारी. ऋचाने कलपट्टी आणली.

कलपट्टी म्हणजे कपाळावर बांधायची बोटभर रुंदीची पट्टी. आपल्याकडे दहावीच्या पोरांची कलचाचणी व्हायची, तिचंच हे नातवंड म्हणा. फरक इतकाच, की हिला प्रश्न विचारावे लागत नाहीत. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश कपाळात शिरतो. तो हाड ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो आणि थोडासा परत येतो. प्राणवायूने भरलेलं रक्त हा प्रकाश एका तऱ्हेने शोषतं, रिकामं रक्त दुसऱ्या तऱ्हेने. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. त्यामुळे परत आलेल्या प्रकाशावरून कळतं, की या घटकेला डोक्यात कुठली चूल पेटली आहे. पट्टीच्या कडेला बारीक कॅमेरे, ते नजर कुठे आधी जाते आणि कुठे रेंगाळते ते टिपतात. महिनाभर पट्टी बांधून रोजचं काम करायचं, बस्स.

शेवटी हातात येतो तो माणसाचा कल. बुद्धी किती, ते ही पट्टी सांगतच नाही. बुद्धी कुठल्या वाटेने चालते ते सांगते. तुम्ही आधी तुकडे बघता की अख्खं? निर्णय चटकन मिटवता की शेवटपर्यंत उघडा ठेवता? या दोन मापांच्या नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका. दोन ठिपके जितके जवळ, तितकी त्या दोघांची 'जुळणी' जास्त. आणि जुळणी चांगली असलेली माणसं एकत्र बसली, की त्यांच्या मेंदूंमधली चढउतार खरोखरच एका तालात व्हायला लागते. हे खोटं नव्हतं, शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासलं होतं. म्हणून महिना संपला तरी कामावर पट्टी बांधूनच बसायचं. बैठकीच्या टेबलावर या पट्ट्यांना जोडलेला एक दिवा असायचा. डोकी तालात असली की हिरवा, कुणाचं बिनसलं की पिवळा, वाजलंच तर लाल.

ऋचाने जुळणीप्रमाणे गट पाडले. भांडणं संपली, कामं भराभर व्हायला लागली. विमा कंपनीने जुळलेल्या गटांच्या कामाला सवलत दिली, मग तर बोलायलाच नको. आडवं बसण्याची पद्धत बंद झाली. वाळवेकरची जुळणी कुणाशीच बसेना. त्याला हार-नारळ देऊन मिरज रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं. तृप्तीला त्या दिवशी हायसं वाटलं होतं, का खोटं बोला.

पण ही पट्टी कारखान्यापुरती राहिली असती तर ती पट्टी कसली. लग्न जुळवणाऱ्यांनी ती उचलली. पत्रिकेच्या शेजारी कलाचा नकाशा लागायला लागला. तृप्तीच्या नवऱ्याने, अजितने, एका लग्नाच्या हॉलमध्ये गंमत म्हणून दोघांची तासाभराची झटपट चाचणी करून घेतली. ठिपके नकाशाच्या दोन टोकांना निघाले. अजित कॉलेजात इतिहास शिकवायचा. तोवर त्या घरात आमटीतल्या गुळापासून निवडणुकीपर्यंत सगळ्यावर वाद व्हायचा, अगदी शेजारणीने दार ठोठावेपर्यंत. त्या दिवसापासून अजित सौम्य झाला. तृप्ती काही म्हणाली की तो हसायचा. "जाऊ दे. कल वेगळा आहे आपला," म्हणायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा. घरात शांतता आली. तृप्तीला ती शांतता खायला उठायची, पण शांततेविरुद्ध तक्रार कुणाकडे करणार.

तर ती बैठक.

हा रोपवे एक सरकारी महामंडळ घाटमाथ्यावरच्या वाड्यांसाठी बांधून घेत होतं. रस्ता नसलेल्या त्या वाड्यांवरून आजारी माणसं, बाळंतिणी, म्हातारेकोतारे खाली दवाखान्यात आणायचे. तृप्तीच्या गटाने ब्रेकचं डिझाइन पडद्यावर लावलं. गटातली सगळी माणसं तिच्याच कलाची, अख्खं बघणारी आणि झटकन मिटवणारी. एकाने वाक्य सुरू करावं, दुसऱ्याने पुरं करावं. दिवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवा. "काही शंका?" तृप्तीने विचारलं. कुणाला काही नव्हती. चहावाला किटली घेऊन आला तेव्हा दालन रिकामं होतं आणि तृप्ती एकटीच पडद्याकडे बघत बसली होती.

"बैठक नाही होय आज?" त्याने विचारलं.

"झाली," ती म्हणाली. हे आपल्याला आवडलेलं नाही, हे तो शब्द उच्चारतानाच तिच्या लक्षात आलं.

तिने डिझाइन पुन्हा पाहिलं. ठीक होतं. परत पाहिलं, तरी ठीकच. आपण जितक्या वेळा बघू तितक्या वेळा ते ठीकच दिसणार, कारण बघणारे डोळे तेच, हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने कपाळावरची पट्टी काढून पर्समध्ये टाकली आणि स्कूटर मिरज रस्त्याला घातली. पट्टी काढणं नियमात बसत नव्हतं. कमी जुळणीच्या माणसाशी परवानगीशिवाय कामाचं बोलणं तर मुळीच नाही.

वाळवेकर गोदामात एका पिंपावर बसून डबा खात होता. तिला बघून तो उठला नाही.

"काय ओ बाई, वाट चुकलात?"

"ब्रेकचं डिझाइन आणलंय. बघा."

"मी कशाला? तुमचा दिवा हिरवा लागला म्हणं."

"म्हणूनच आणलंय."

त्याने चपातीचा शेवटचा तुकडा सावकाश चावून खाल्ला. हात धुतले, पुसले. वर्षभराचा राग होता तो, आणि त्याला तो बाळगायचा हक्कही होता. "मला हार घातला तवा तुम्ही टाळ्या वाजवलात," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत हुता. मी बघितलं."

"वाजवल्या," तृप्ती म्हणाली. "सुटले असं वाटलं मला तेव्हा. आता नाही वाटत. बघणार आहात का?"

वाळवेकरने चष्मा लावला आणि तिच्या टॅबचा पडदा आपल्याकडे वळवला.

आणि मग तो नेहमीसारखा सुरू झाला. तेलाच्या टाकीच्या झाकणापासून. झाकणाला बोल्ट किती, ते स्टीलचे की कसले, वाफ धरली तर काय. तृप्तीच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. इथे थोडं सांगायला हवं, की रोपवेचा ब्रेक मोटारीच्या ब्रेकच्या उलटा चालतो. जोरदार स्प्रिंगमुळे तो एरवी लागलेलाच असतो, आणि तेलाच्या दाबाने त्याला उघडा धरून ठेवतात. काही बिघडलं की तेल सोडून द्यायचं. तेल उतरलं की स्प्रिंग आपोआप आवळते आणि पाळणे थांबतात. शिवाय ब्रेक दोन, एक रोजचा आणि एक आणीबाणीचा. एकाने दगा दिला तर दुसरा आहे.

"दोन ब्रेक आहेत वाळवेकर, दोन," ती म्हणाली. "कशाला घोळ घालताय झाकणात."

"बरं, झाकण ऱ्हाऊ दे. तेल सोडलं की जातंय कुठं?"

"टाकीत परत. कुठे जाणार?"

"कुठल्या नळीनं?"

"परतीच्या."

"कुठल्या ब्रेकच्या परतीच्या?"

"अहो या इथल्या. हा रोजचा ब्रेक, त्याची नळी ही, आणि हा आणीबाणीचा, त्याची नळी..." तिचं बोट पडद्यावरून सरकत गेलं आणि थांबलं.

वाळवेकर तोवर पुढच्या वळणावर गेला होता. "आणि ही गाळणी हाय, तिचं माप काय धरलंय?"

तृप्तीला आता एकदम सगळं दिसत होतं. दोन ब्रेक, दोन नळ्या, पण टाकीच्या अलीकडे दोन्ही नळ्या एकत्र येऊन एकाच गाळणीतून जात होत्या. गाळणी गाळाने तुंबली तर तेल परत जाणार नाही. तेल उतरलं नाही तर स्प्रिंग आवळणार नाही. रोजचाही नाही आणि आणीबाणीचाही नाही. भरलेला पाळणा दरीवरून खाली सुटेल आणि चालवणारा दोन-दोन बटणं दाबत बसेल.

"दोन नाहीत," ती हळूच म्हणाली. "एकच ब्रेक आहे हा."

वाळवेकरने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्याला समजायला जरा वेळ लागला, तो नळीनळीने तिथवर गेला. मग त्याने चष्मा काढला. गोदामाबाहेर ट्रक मागे घेत होते.

"तुमच्या गटात सहाजण हायत नव्हं?" त्याने शेवटी विचारलं. "एकालाबी दिसलं न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचाच्या केबिनमध्ये तृप्तीने हे सांगितलं तेव्हा ऋचा पांढरी पडली. पण पोरगी खंबीर. लगेच सावरली.

"थँक्यू, ताई. मोठा अनर्थ टळला. गाळणी बदलून मोठी टाकू. परवा महामंडळाचे तोरसकर येतायत, त्यांच्यासमोर तपासणीच्या दाखल्यावर तुमची सही झाली की काम मोकळं."

"दाखल्यावर काय लिहिलंय, माहितीये ना? एकमताने संपूर्ण तपासणी झाली, असं. ती झालेली नाही ऋचा. ही एक चूक सापडली. बाकीचं कुणी तपासलं? पुन्हा बैठक घे. वाळवेकरला आडवं बसव."

"वाळवेकर बसले तर गट जुळलेला राहत नाही. विमा जातो. आणि विम्याशिवाय महामंडळ आपल्याला दारात उभं करणार नाही." ऋचा पुढे झुकली. "आणि ताई, एक सांगू? बाबांच्या त्या बैठका तुम्हाला फार गोड आठवतात. तुम्ही जिंकायचात ना. हर्षदा मगदूम बैठकीनंतर बाथरूममध्ये जाऊन रडायची. शिरगुप्पे नोकरी सोडून गेले, ते वाळवेकरने चारचौघांत त्यांची अक्कल काढली म्हणून. तुम्हाला हे दिसलं नाही कधी. मला दिसायचं. मी पट्टी पैशासाठी आणली नाही."

हे खरं होतं. हर्षदा तिच्याच विभागातली. दोन मुलांची आई, शांत, कामाला चोख. ती रडायची हे तृप्तीला आज कळत होतं.

"रडवू नये, हे पटलं," ती उठता उठता म्हणाली. "पण म्हणून बोलूच नये का?"

"तुमची पट्टी काल दुपारी बंद होती," ऋचा म्हणाली. आवाजात धमकी नव्हती, वाईट वाटत होतं तिला. "आणि आज तुमचा ठिपका सरकलाय. 'आग्रही' दाखवतोय. विम्याच्या नियमाने आग्रही माणूस गटाचा प्रमुख राहू शकत नाही. माझ्या हातात नाहीये ते. परवा सही करा, मी बाकीचं सांभाळून घेईन."

म्हणजे बघा गंमत. 'नाही' म्हणालात, तर त्या नाहीलाही मशीनमध्ये एक कप्पा तयार.

तोरसकर यायच्या दिवशी सकाळी तृप्तीने नवऱ्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली आणि समोर बसली. "अजित, मी आज सही करणार नाही. पद जाईल माझं. बोल काहीतरी."

अजितने तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं हसू ओठांवर आलं. "तुला योग्य वाटेल ते कर. तुझा कल..."

"कल घाल चुलीत. भांड माझ्याशी. पूर्वी भांडायचास ना? मी चुकत असेन तर सांग, बरोबर असेन तरी सांग. मला कुणीतरी अडवल्याशिवाय मी खरी कुठे उभी आहे तेच कळत नाही रे."

अजितने चमचा खाली ठेवला. त्याने खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. "सवय गेली गं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तृप्तीला भयंकर वाईट वाटलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, डबा भरला आणि निघाली.

दालनात सगळे जमले होते. तोरसकर म्हणजे महामंडळाचे अभियंते. घाटमाथ्यावरच वाढलेला वाळकुडा, मितभाषी माणूस. ऋचाने स्वागत केलं. गाळणी बदललेलं डिझाइन दाखवलं, दिवा हिरवा लागला, दाखला तृप्तीपुढे आला.

तृप्तीने कपाळावरची पट्टी सोडली आणि दाखल्यावर ठेवली.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "या गटाने हे डिझाइन तपासलेलं नाही. आम्ही फक्त एकमेकांशी सहमत झालो."

ऋचा तोंडातल्या तोंडात म्हणाली, "ताई, पट्टीशिवाय इथे बसता येत नाही, तुम्हाला माहितीये."

"मग उभी राहते." आणि ती खरंच उभी राहिली. "तोरसकरसाहेब, यात एक जीवघेणी चूक होती. ती आमच्या बैठकीत सापडली नाही. ज्या माणसाला आम्ही गोदामात टाकलंय त्याच्याशी भांडताना सापडली. आणखी काही राहिलं असेल, तर ते या दालनात सापडायचं नाही. इथे सगळ्यांची डोकी एकाच साच्यातली आहेत. माझंही."

ऋचाचा चेहरा लाल झाला. "हे मॅडमचं वैयक्तिक मत आहे. गटातल्या कुणाला असं वाटतं का, विचारा ना. हर्षदा, तुझी आणि तृप्तीताईंची जुळणी सगळ्यात जास्त आहे. तू सांग. त्या दिवशी तुला काही शंका होती?"

हर्षदा मगदूम टेबलाच्या टोकाला बसली होती. तिने मान खाली घातली. दिवा हिरव्याचा पिवळा झाला. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"हे बघा," हर्षदा म्हणाली. "हे असंच होतं. शंका आली की दिवा पिवळा होतो आणि सगळे माझ्याकडे बघतात."

"म्हणजे?" ऋचाने विचारलं.

"मला ती गाळणी दिसली होती."

तृप्तीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बैठकीतच दिसली होती," हर्षदा म्हणाली. "दोन्ही नळ्या एकाच गाळणीत जातात हे दिसलं. पण मला वाटलं, आपला सगळ्यांचा कल एकच. मशीनच सांगतं ना. मग बाकीच्यांना चालतंय म्हणजे माझंच चुकत असणार. आणि दिवा पिवळा झाला असता. म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. आता सवय झालीये मला. शंका यायला लागली की ती पुरती यायच्या आधीच मी दुसरीकडे बघते. म्हणजे दिवा हिरवा राहतो."

दिवा लाल झाला होता. कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

"पूर्वी मी रडायचे, खरंय," हर्षदा ऋचाला म्हणाली. "वाळवेकर सर फार लागेल असं बोलायचे. पण बोलून रडायचे मी."

आपल्या सहाजणांची डोकी एकसारखी आहेत म्हणून चूक दिसली नाही, असं तृप्ती आताच ठासून सांगत होती. तेही खोटं निघालं. चूक दिसली होती. डोकी एकसारखी नव्हतीच. ती एकसारखी आहेत असं मशीनने सांगितलं, आणि त्यांनी इमानेइतबारे एकसारखं व्हायचं मनावर घेतलं.

तोरसकरांनी कागद गोळा करून पिशवीत घातले. "आमच्या वाडीवरचीच माणसं बसणार आहेत यात," ते म्हणाले. "पुन्हा तपासा. नीट भांडून तपासा. तोवर मी कुणाला हो म्हणणार नाही." एवढंच बोलून ते गेले.

ऋचाने हात पुढे करून दिवा बंद केला. मग तिने तृप्तीकडे न बघता सांगितलं, की प्रमुखपद आजपासून काढून घेतलं आहे आणि मिरज रस्त्याच्या गोदामात जागा आहे.

"चालेल," तृप्ती म्हणाली. "पुनर्तपासणी तिथेच करते. ज्यांना यायचं त्यांना पाठव. पट्टीशिवाय."

"ते मी सांगणार नाही," ऋचा म्हणाली. पण अडवीन, असंही ती म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी अजितने सगळं ऐकून घेतलं. दोनदा घसा खाकरला. मग म्हणाला, "परक्या माणसासमोर त्या पोरीला उघडं पाडायला नको होतंस. आधी तिला एकटीला गाठून सांगायचं होतंस." तृप्ती उसळून म्हणाली, की एकटीला सांगितलं होतं. तो म्हणाला, एकदाच. नवशिक्यासारखा अडखळत भांडत होता बिचारा, पण भांडत होता. त्याला तिने आणखी एक भाकरी वाढली आणि आपलं म्हणणं मुळीच सोडलं नाही.

गोदामात वाळवेकरने भिंतीला कपाट सरकवून जागा केली. दोघांनी ब्रेक पुन्हा उघडला. बोलाचाली झाल्या, एकदा तर वाळवेकर डबा न खाताच उठून गेला. शेवटी त्यांनी प्रत्येक ब्रेकची परतीची नळी वेगळी केली, प्रत्येक नळीला स्वतंत्र गाळणी दिली. आता एक तुंबली तरी दुसरी वाट मोकळी. तृप्ती त्या आकृतीवर बेहद्द खूश होती.

दुपारी दारात कुणीतरी उभं राहिलेलं दिसलं. हर्षदा मगदूम होती. कपाळावर पट्टीचा पांढुरका वण तेवढा उरला होता.

"आत ये की," तृप्ती म्हणाली. "बघ, जमलंय. दोन गाळण्या केल्यात."

हर्षदाने आकृती पाहिली. पाहता पाहता तिची नजर खिडकीकडे वळायला लागली. मग तिने ती जोर करून मागे आणली.

"मॅडम, मला हे पटत नाही."

"काय पटत नाही?"

"तेल एकच आहे. गाळ एकाच टाकीतला. दोन्ही गाळण्या एकाच वेगाने भरणार, आणि देखभालवाला एकदा विसरला की दोन्ही एकदमच तुंबणार. दोन केल्या काय, चार केल्या काय. परतीच्या वाटेवर गाळणी मुळात हवीच कशाला? आत जाणाऱ्या वाटेवर घाला. तिथे तुंबली तर दाब बनणार नाही, आणि ब्रेक उघडणारच नाही. पाळणा हलणारच नाही."

तृप्तीला राग आला. चांगला सणसणीत, डोक्यात जाणारा राग. इतक्या भांडणांतून निघालेली आकृती ही कालची गप्प बाई एका दमात मोडीत काढत होती, आणि बहुतेक बरोबर होती. कित्येक महिन्यांत तृप्तीला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिने पायाने एक पिंप हर्षदाकडे ढकललं. "बस. आणि मला पटेपर्यंत उठू नकोस."

हर्षदा पदर खोचून बसली.

"थांबा की जरा," पलीकडून वाळवेकर चष्मा पुसत म्हणाला. "मला अजून तुम्हा दोघींचंबी पटलेलं न्हाई."